चूल कोणाची? : हवापालटाच्या घरांचा एक मागोवा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दापोली तालुक्यावरून गेले, तेव्हा हर्णेतल्या आमच्या वडिलोपार्जित घराची पुढची पडवी आणि अर्धे छप्पर त्याने नेले. मागच्या आगरातल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. घर तसे बरीच वर्षे बंदच असे. मुंबई-पुण्याला पांगलेली भावंडे गणपतीला आणि मे महिन्यात येत, तेवढे दिवस ओटीवर दिवा लागे. दुरुस्तीचा खर्च समोर आला तेव्हा सर्वांच्या बैठकीत ठरले, घर टिकवायचे तर ते पर्यटकांना भाड्याने द्यायचे. कौले चढली, न्हाणीघर नवे झाले, आणि पहिला फोन आला तो पुण्याच्या एका बाईंचा. समुद्र किती लांब, गाडी कुठे लावायची, हे विचारण्याआधी त्यांनी विचारले, "स्वयंपाकघर वापरायला मिळेल ना? बंदरावरचे मासे आणून आम्हीच करून खाणार."

मी काही पदवीधर इतिहासकार नाही. नोकरी सांभाळून जुनी गॅझेटिअरे, प्रवासवर्णने आणि आत्मचरित्रे वाचत आलो, इतकीच माझी पुंजी. पण त्या फोननंतर एक गोष्ट मनात घर करून राहिली. परगावी चार दिवस भाड्याने घेतलेल्या घराबद्दल आपण लिहितो तेव्हा हवा, देखावा आणि भाडे यांबद्दल लिहितो. प्रत्यक्षात अशा घराचा इतिहास त्याच्या चुलीपाशी सापडतो. चूल कोण पेटवतो, तिच्यावर काय शिजू द्यायचे हे कोण ठरवतो, आणि त्या चुलीपर्यंत कोणाला येऊच दिले जात नाही, हे तीन प्रश्न विचारले की महाबळेश्वरच्या बंगल्यापासून आमच्या हर्णेच्या पडवीपर्यंतचा दोनशे वर्षांचा रस्ता बराचसा उजेडात येतो.

शिधा आणि धर्मशाळा

आपल्याकडे प्रवाशाला छप्पर देणे हे पुण्यकर्म होते, धंदा नव्हता. देवळाच्या ओवऱ्या, घाटाच्या तोंडाशी बांधलेल्या धर्मशाळा, गावची चावडी, ही मुक्कामाची ठिकाणे. पण तेथे जेवण मिळेलच असे नसे. मिळालाच तर शिधा मिळे. शिधा म्हणजे तांदूळ, डाळ, पीठ, मीठ, तूप असे कोरडे सामान. हा शब्द आपण आज रेशनच्या दुकानाशी आणि देवस्थानाशी जोडतो, पण त्याच्या पोटात प्रवासाची एक पूर्ण व्यवस्था दडलेली आहे. यजमानाने धान्य द्यायचे आणि पाहुण्याने तीन दगड मांडून आपल्या हाताने रांधायचे.

यात उदारपणा होता तशी अडचणही होती. कोणाच्या हातचे कोणी खायचे याचे नियम इतके कडक होते की शिजलेले अन्न देणे-घेणे हाच पेच. कोरड्या शिध्याला विटाळ नाही, म्हणून शिधा. तेव्हा स्वतः करून खाण्याची सोय ही आज आपल्याला मोकळेपणाची वाटते, तिचे मूळ मात्र मोकळेपणात नाही. ते बऱ्याच अंशी सोवळ्या-ओवळ्यात आहे. ही गोष्ट पुढे पुन्हा आपल्या वाटेत येणार आहे.

समुद्रातून डोंगरावर

घर हंगामापुरते भाड्याने घेऊन डोंगरावर राहायला जाणे ही रीत महाराष्ट्रात रुजली ती इंग्रजी अमलात. आज आम्ही हर्णेहून महाबळेश्वरला जातो ते दापोली, खेड, पोलादपूर करत आंबेनळी घाटाने. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईच्या साहेबाची एक वाटही याच कोकणातून वर जाई. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने आमच्यासमोरचा सुवर्णदुर्ग आंग्ऱ्यांकडून जिंकला आणि तो पेशव्यांकडे गेला. बाणकोट मात्र १७५६ च्या तहाने इंग्रजांनी आपल्याकडे राखले. त्या बाणकोटच्या खाडीत बोट शिरे, सावित्रीतून दासगाव-महाडकडे जाई, आणि तेथून पालखी-घोड्यावर घाट चढायचा. रेल्वे येईपर्यंत मुंबईकराचा महाबळेश्वरचा एक रस्ता असा समुद्रातूनच सुरू होत असे.

१८२४ मध्ये साताऱ्याच्या पलटणीतला लॉडविक हा अधिकारी हे पठार चढून गेला. त्याच्या नावाचे टोक आजही सहलीतली मुले पाहतात. १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम येथे आले, आणि पुढच्याच वर्षी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार होऊन वाईकडील खंडाळा गावाच्या बदल्यात हा डोंगर कंपनीकडे आला. नव्या वसाहतीचे नाव माल्कमपेठ. उन्हाळ्यात मुंबई सरकारचा कारभारच येथे हलू लागला. सरकार वर गेले की अधिकारी वर, अधिकाऱ्यांमागून व्यापारी, आणि मग हंगामापुरते बंगले भाड्याने देणे-घेणे हा येथला एक पक्का व्यवहार झाला.

या बंगल्याची रचना पाहण्यासारखी आहे. पुढे रुंद व्हरांडा, मध्ये दिवाणखाना आणि झोपायच्या खोल्या. स्वयंपाकघर मात्र घरात नाहीच. ते मागच्या बाजूला, नोकरांच्या खोल्यांच्या रांगेत. साहेब बंगला भाड्याने घेई तेव्हा बटलर, खानसामा, भिस्ती, हमाल हा सारा लवाजमा त्याच्याबरोबर घाट चढे. म्हणजे चूल भाडेकरूचीच, पण तिच्याशी भाडेकरूचा संबंध फक्त ताटापुरता. त्या ताटात जे पडे तेही येथल्या मातीतूनच येऊ लागले. माल्कमपेठेत चिनी कैद्यांचा तुरुंग होता, तो १८६४ पर्यंत चालला. त्या कैद्यांनी बटाटे आणि विलायती भाज्यांची लागवड केली. सक्तीने आणलेल्या माणसांच्या हातचा भाजीपाला हौसेने आलेल्या माणसांच्या पानात पडत होता.

पावसाळा आला की हे बंगले रिकामे होत. महाबळेश्वरचा पाऊस भिंतींना पाठ टेकू देत नाही, म्हणून घराभोवती कोळंब गवताच्या झड्या बांधायची तेथली पद्धत. झडी बांधणारे, घर राखणारे आणि पुन्हा हंगाम आला की झडी उतरवून चूल झाडून देणारे स्थानिक लोक बारा महिने तेथेच. बंद घर आणि त्याचा राखणदार ही जोडी आपल्याकडे कोकणात चाकरमान्यांनी आणली असे आपण समजतो. डोंगरावर ती त्याआधीपासून होती.

आजारपणाची चूल

१८५८ मध्ये खंडाळा ते पुणे आणि १८६३ मध्ये बोरघाट पार करून मुंबई ते पुणे असा लोहमार्ग जोडला गेला. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी जगासमोर आणलेल्या माथेरानला १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी चढू लागली. मग डोंगरावरचे घर हे केवळ साहेबाचे राहिले नाही. पारशी, बोहरी, गुजराती आणि पाठोपाठ मराठी कुटुंबेही वर जाऊ लागली. मात्र मध्यमवर्गीय माणूस मौजेसाठी घर भाड्याने घेतो म्हणणे तेव्हा थोडे चैनीचे वाटे. त्याला एक सबळ कारण लागे. ते डॉक्टरने दिले. त्या कारणाचे नाव हवापालट.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. क्षय तर घरोघर होता, आणि त्यावर औषध नव्हते. कोरडी हवा, विश्रांती, दूध-अंडी आणि धीर, इतकाच उपचार. डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीला बेल-एअर हे क्षयरुग्णालय काढले ते याच विचाराने. लोणावळा, देवळाली, माथेरान या ठिकाणी निरनिराळ्या समाजांच्या धर्मादाय संस्थांनी 'सॅनेटोरियम' बांधली. नाव रुग्णालयाचे, पण बहुतेक ठिकाणी मांडणी चाळीची. ओळीने खोल्या, पुढे सामाईक व्हरांडा, आणि प्रत्येक बिऱ्हाडाला मागे स्वयंपाकाची जागा.

हे स्वयंपाकघर का, याचे उत्तर साधे आहे. आजारी माणूस एकटा येत नसे. त्याच्याबरोबर आई, बायको, बहीण, कोणीतरी बाई येई, आणि पथ्याचे रांधणे तिच्याकडे असे. आधी धर्मशाळेतला शिधा होता, आता तोच शिधा ट्रंकेत भरून रेल्वेने येऊ लागला. पुढे १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, क्षयावर गोळ्या-इंजेक्शने आली, आणि हवापालटाला लागणारे आजाराचे निमित्त हळूहळू गळून पडले. रुग्ण गेले, खोल्या राहिल्या. ओटा, मोरी, फळी, सारे होते तसेच राहिले. आपल्याकडच्या 'करून खाण्याच्या' सुट्टीचे स्वयंपाकघर बऱ्याच ठिकाणी हे असे आजाऱ्याच्या पथ्यातून वारसाने आलेले आहे.

उंबरठ्याच्या बाहेर

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. ही घरे सर्वांना मिळत नव्हती. समाजाचे सॅनेटोरियम म्हणजे त्या समाजापुरते. गावातली धर्मशाळाही सर्वांना सारखी उघडी नसे.

आमच्यापासून पंधराएक किलोमीटरवरचे दापोली हे याचे चांगले उदाहरण. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी दक्षिण कोकणातल्या फौजेची छावणी तेथे घातली, ती थंड आणि निरोगी हवेसाठी. आजही म्हातारी माणसे 'कॅम्प दापोली' म्हणतात. पलटणी उठल्या, पण पेन्शनीत निघालेले अनेक महार सैनिक तेथेच राहिले. देशासाठी नव्हे तरी सरकारसाठी रक्त सांडलेल्या या माणसांना आपल्या मुलांना गावच्या शाळेत बसू द्यावे म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ सहकुटुंब याच कॅम्पात राहिले. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव पुढे परदेशात शिकून १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेला, तेव्हा त्याला राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून त्याने एका पारशी विश्रामगृहात आसरा घेतला. काही दिवसांतच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्याला तेथून बाहेर काढले. डॉ. आंबेडकरांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. भाडे खिशात असूनही घर मिळत नाही म्हणजे काय, हे समजून घ्यायला त्याहून ठसठशीत नोंद मला दुसरी माहीत नाही.

संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या कायद्यात धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना यांचा नावानिशी उल्लेख करून तेथे मज्जाव करणे हा गुन्हा ठरवला गेला. तो उल्लेख करावा लागला, यातच आधीच्या परिस्थितीचे वर्णन आले. कायद्याने दार उघडले. चुलीवरचा पहारा मात्र वेगळ्या रूपात टिकला, आणि त्याची ओळख मला माझ्या लहानपणीच झाली.

हॉलिडे होमचे पत्र

बँका, विमा, पोस्ट, रेल्वे, सरकारी खाती यांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी थंड हवेच्या ठिकाणी 'हॉलिडे होम' घेतली, आणि डोंगरावरचे घर प्रथमच पगारदार मराठी माणसाच्या आवाक्यात आले. भाडे नाममात्र. अर्ज करायचा, नंबर लागला की पत्र यायचे. माझे वडील अशाच एका कार्यालयात होते. १९८० च्या सुमारास, मी दहा-अकरा वर्षांचा असताना, आमचा महाबळेश्वरला नंबर लागला.

हर्णेहून एसटीने दापोली, पुढे खेड, पोलादपूर, आणि मग घाट. एका पिशवीत कपडे, तीन पिशव्यांत शिधा. घरचे तांदूळ, कुळीथ, आमसुले, मसाल्याची बरणी, आणि जुन्या धोतराच्या फडक्यात घट्ट बांधलेले सोडे आणि सुके बोंबील. आमच्या घरात माशावाचून घास उतरत नाही. खोलीच्या दाराआड एक कागद डकवलेला होता. पातेली चार, परात एक, तवा, उलथणे, झारा, सांडशी, वातींचा स्टोव्ह एक. आई यादीप्रमाणे एकेक भांडे मोजून घेत होती. तेवढ्यात राखणदाराने शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. 'मांसाहार शिजवू नये.'

त्याला सामानाचा वास आला असावा. बोलला नम्रपणेच. वडील म्हणाले, "चार दिवसांचा प्रश्न आहे, राहू दे." आईने फडके न सोडताच पिशवीच्या तळाशी ठेवले. चार दिवस कुळथाचे पिठले आणि भात झाला. आम्ही पॉइंट पाहिले, घोड्यावर बसलो, वेण्णा तलावात नाव घेतली. आईने यातले निम्मे पाहिले, कारण परत येऊन आम्हाला जेवायला लागे आणि परक्या स्टोव्हवर वेळ जास्त जाई. बोंबील जसे गेले तसे हर्णेला परत आले.

तेव्हा मला फक्त मासे नसल्याचे दुःख होते. आज वाटते, त्या खोलीत एकाच वेळी जुन्या दोन्ही गोष्टी हजर होत्या. चुलीवर काय शिजावे हे ठरवणारा दुसराच कोणीतरी, आणि चुलीसमोर सुट्टीतही उभी असलेली घरची बाई. खानसामा गेला, पथ्य गेले, तरी ती जागा रिकामी झाली नव्हती.

बंद घरे उघडतात

१९७५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे त्याच्या निवास-न्याहारी योजनेत साध्या घरमालकालाही पाहुणे ठेवता येऊ लागले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि खेड स्टेशनावरून दापोली जवळ आली. हर्णे, मुरुड, कर्दे, आंजर्ले या पट्ट्यात पाट्या लागल्या : 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय'. पाहुणा पहाटे-संध्याकाळी बंदरावर लिलाव पाहायला जातो, सुवर्णदुर्गाला होडीने फेरी मारतो आणि दुपारी यजमानाच्या पंक्तीला बसतो.

शिध्याच्या काळाच्या हे अगदी उलट आहे. तेव्हा यजमानाचे शिजलेले अन्न पाहुण्याला चालत नव्हते. आता त्याच अन्नासाठी पाहुणा दोनशे किलोमीटर गाडी हाकत येतो. शंभर वर्षांत घडलेला हा बदल लहान नाही, आणि त्याचे मला मनापासून समाधान आहे.

यातून रिकाम्या गावांना आधार मिळतो, हेही खरे. हा अनुभव आपल्या एकट्याचा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समधल्या डोंगराळ खेड्यांतली माणसे शहरात गेली आणि दगडी घरे ओस पडली. तेव्हा एमिल ओबेर या सिनेटरच्या पुढाकाराने १९५१ मध्ये आल्प्सच्या दक्षिणेकडील एका खेड्यातले घर दुरुस्त करून सुट्टीवर येणाऱ्या शहरी कुटुंबांना देण्यात आले. अशा घराला ते 'जीत' म्हणतात, आणि १९५५ मध्ये त्यांचा राष्ट्रीय संघही झाला. कल्पना सोपी होती. मालकाला घर सावरायला पैसा, कामगार कुटुंबाला परवडणारी सुट्टी, आणि स्वयंपाक ज्याचा त्याने करायचा. गावच्या वाण्याकडून, गवळ्याकडून सामान घ्यायचे, म्हणजे पैसा एका घरात न थांबता गावात फिरतो.

आमच्या बैठकीत मी हे सांगितले तेव्हा धाकट्या भावाने हिशेब मांडला. त्याचे म्हणणे, नुसते घर देऊन काय सुटणार? जेवणात खरे उत्पन्न आहे. पापलेटची थाळी, सुरमईची थाळी, शनिवार-रविवारी दोन पंक्ती. हिशेब चुकीचा नव्हता. पण ती थाळी करणार कोण, हे त्याने गृहीत धरले होते. गावात राहणारी एकटी थोरली वहिनी. वय साठीच्या पुढे.

वहिनी आमच्यासमोर फारशी बोलत नाही. त्या दिवशी एवढेच म्हणाली, "तुम्ही सगळे मे महिन्यात येता तेव्हा मी करतेच. पण पाहुण्यांना घर द्या, चूल द्या, माझे हात देऊ नका. त्यांचे त्यांना करून खाऊ दे."

बैठक तेथेच संपली. स्वयंपाकघर भाडेकरूला द्यायचे ठरले. वाटण, सोललेला नारळ, कोकमाचे आगळ हे कोणी मागितले तर वहिनी देते आणि त्याचे पैसे वेगळे घेते, ते तिच्या स्वतःच्या डब्यात जातात. मासळी पाहुणे बंदरावरून घेतात. साफ करून द्यायला तेथेच कोळणी बसलेल्या असतात, त्यांनाही चार पैसे मिळतात.

स्वयंपाकघराच्या दाराआड भांड्यांची यादी लावायचे काम माझ्याकडे आले. पातेली पाच, परात, दोन तवे, पैकी एक फक्त चपातीचा, विळी, खवणी, उलथणे, सांडशी, गॅसची शेगडी. यादी लिहून झाल्यावर भाऊ म्हणाला, खाली नियम लिही. मी लिहिले : 'चूल वापरून झाल्यावर ओटा पुसावा. गॅस बंद करावा.' काय शिजवावे आणि काय नाही, कोणी शिजवावे, याबद्दल त्या कागदावर एकही ओळ नाही. त्या पुण्याच्या बाई मागच्या डिसेंबरात पुन्हा येऊन गेल्या. वहिनीने सांगितले, यावेळी बांगडे त्यांच्या यजमानांनी तळले.